पैलवानाची पोटरी

माझा आवाज मोठा आहे. आजचा नाही, जन्मापासूनचा. रेणापूरला आमच्या वस्तीवरून मी आईला हाक मारली की बाजारातली माणसं वळून बघायची, असं वडील सांगायचे. नोकरीत ह्या आवाजानं माझी बदनामी पुष्कळ केली. 'ती कडक सिस्टर', 'ती खेकसणारी बाई'. खेकसत होते, खरंच आहे. पण ज्यांच्यावर खेकसले त्यांतले कितीतरी जण आज आपल्या पायांनी हिंडतात-फिरतात आणि हे सांगताना मला काडीची लाज वाटत नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढतं. आपलं चांगलं आपण सांगितलं नाही तर दुसऱ्या कुणाला काय पडलंय?

त्यातून माझं काम असं, की ते दिसत नाही. सर्जननं पोटातून गोळा काढला तर तो नातेवाइकांना दाखवता येतो. बाळंतपण केलं तर मूल रडतं, सगळ्या वॉर्डाला कळतं. मी जे केलं त्यात शेवटी काहीच होत नाही. काही होऊ दिलं नाही, हेच काम. न झालेल्या गोष्टीला हार कोण घालतो? म्हणून मीच लिहायला बसले.

सुरुवात नांदेडची. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. वॉर्डात धर्माबादकडचे एक शाळामास्तर होते, सायकलवरून पडून डोक्याला मार लागलेले. बरेच दिवस बेशुद्ध होते. आम्ही त्यांचं सगळं केलं. डोळ्यांत बॅटरी मारून बघायचो, नाकातल्या नळीतून पेज घालायचो, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशी बदलायचो. मास्तर शुद्धीवर आले. बायकोला ओळखलं, चहा मागितला. माय गं, तो आनंद! मग एका सकाळी त्यांना उभं करायचं ठरलं. मीच कोपर धरलं होतं. मास्तर उभे राहिले, माझ्याकडे बघून हसले, "सिस्टर, चालतो की मी," म्हणाले आणि छातीला हात लावून खाली बसले ते बसलेच. बायको कप विसळायला गेली होती. ती परत आली तोवर संपलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. माणूस चालतो-फिरतो तेव्हा पोटरीचं मांस आखडतं, सैल पडतं आणि रक्ताला वर ढकलत राहतं. तोच माणूस लाकडासारखा पडून राहिला की रक्त पायात साकळतं, त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटली की थेट फुप्फुसात जाऊन बसते. दुसऱ्या आजाराचा पेशंट असला तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता येतं. डोक्यात जखम असलेल्याला ते दिलं तर डोक्यातच रक्त वाहायला लागायचं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मी विचारलं, "मग सर, उरलं काय?" ते म्हणाले, "हात उरले. तुमचे आमचे."

मास्तरांचं कोपर माझ्या हातात होतं, ते मी आजही विसरलेले नाही. त्या दिवसापासून डोक्याला मार लागलेला माणूस वॉर्डात आला, की लोक त्याच्या डोक्याकडे बघायचे आणि मी त्याचे पाय बघायची. एक हात टाचेखाली, दुसरा तळव्यावर. पंजा वर, पंजा खाली, शिवणयंत्राच्या पायट्यासारखा. मग गुडघा पोटाकडे न्यायचा आणि सरळ करायचा. बोटांपासून मांडीपर्यंत इलॅस्टिकची पट्टी, खाली घट्ट आणि वर जरा सैल. अंगातलं पाणी कमी पडू द्यायचं नाही. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही, ती म्हणजे पोटरी चोळणं. गुठळी झालेली असली आणि वरून चोळलं, तर आपल्याच हातानं ती सुटायची.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी बदली मागून घेतली. माहेर जवळ, आई थकलेली. त्या दिवसांत लातुरात सगळ्यात चांदी कुणाची असेल तर पेंटर लोकांची. जो तो दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहून घ्यायचा. किराणा दुकान असो की पंक्चरवाला, छाती पुढे काढून म्हणायचा, आता आपण जिल्ह्याचे! आमच्या दवाखान्यातही खाटा वाढल्या, भिंतींना नवा चुना लागला, मला पुरुषांचा सर्जरी वॉर्ड मिळाला. फक्त नळाला पाणी नव्हतं. पाऊस दगा देऊन राहिला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर आला की दवाखान्याच्या हौदाभोवती बादल्यांची भांडणं लागायची. "जिल्हा आला पन पानी न्हाई आलं," असं आमची झाडूवाली मावशी म्हणायची.

त्याच दुष्काळात आमच्याकडे पैलवान आला.

जळकोटकडच्या एका गावचा. विशी-पंचविशीचा, अंगानं भरलेला, कान मोडलेले. गावात टँकर आला की झुंबड उडायची, म्हाताऱ्या बायाबापड्यांना घागर भरायला मिळायची नाही. म्हणून हा टँकरवर चढून उभा राहायचा आणि एकेकीला पाळीनं पाणी सोडायचा. त्याच्यापुढे दांडगाई कोण करणार? त्या दिवशी ओल्या पत्र्यावरून पाय निसटला आणि डोकं खाली विहिरीच्या दगडी कठड्यावर आपटलं. जीपमध्ये घालून आणला तेव्हा कानातून रक्त येत होतं. सोबत त्याची आई. नवरा मागेच गेलेला, हा एकुलता एक. ती वॉर्डाच्या दारात उकिडवी बसली आणि एकच वाक्य परत परत म्हणायला लागली, "दुसऱ्याच्या घागरी भरीत हुता गं माय, दुसऱ्याच्या."

आमचे सर्जन साहेब तरुण होते, पण भले. डोक्याचा फोटो काढला, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. डोक्यात आत रक्त किती साचलंय हे बघायचं यंत्र तेव्हा लातुरात नव्हतं. हलवून दूर न्यावं तर रस्त्यातच काही व्हायचं. साहेब म्हणाले, "सिस्टर, डोकं मी बघतो. पाय तुमच्या हवाली." एवढं एक वाक्य ऐकायची मी नांदेडपासून वाट बघत होते. मी बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी दारात गर्दी. पुढे वस्ताद, मागे सगळी तालीम. वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे गुरू, साठीच्या पुढचे. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पांढरंशुभ्र धोतर आणि मान अशी ताठ की कलेक्टरनं आधी नमस्कार करावा. हातात करडईच्या तेलाची बाटली. त्यांच्यात रीतच ती. पैलवान दुखावला, आजारी पडला की वस्तादानं स्वतः बसून त्याचे पाय चोळायचे. पैलवानाचा पाय सैल पडला म्हणजे तालमीची अब्रू गेली.

मी म्हटलं, "बाटली बाहेर."

"कामून?"

"ह्या वॉर्डात पायाला तेल नाही. पोटरी चोळायची नाही."

"बाई, ह्याला मिसरूड फुटायच्या आदीपासून ह्या पायाला मी तेल लावून राहिलो. तुम्ही आज आलात."

"आज आले, पण माझ्या वॉर्डात आलात तुम्ही. हात लावायचा असला तर मी सांगते तसा लावायचा, न्हाईतर व्हरांड्यात बसा."

वस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या आखाड्यात चप्पल घालून शिरले. पण 'पाय सैल पडू नये' हे माझंही म्हणणं आणि त्यांचंही. मी पंजा हलवून दाखवला, गुडघा वाकवून दाखवला. ते बघत राहिले. मग नाकातून एक आवाज काढला आणि पोरांना म्हणाले, "ह्याला काय अक्कल लागते? घ्या रे पाळ्या."

अन् काय सांगू! माझ्याकडे नर्स किती, तर बोटावर मोजण्याइतक्या. आणि इथे सगळी तालीम दिमतीला. पहिल्या पोरानं जोरात असा हिसका दिला, की खाटच सरकली. मी ओरडले, "अरे, आखाडा न्हाई हा! भाकरी थापताना हात कसा चालतो तुझ्या आईचा? तसा चालव." हळूहळू जमलं. तालमीत जोर-बैठका मोजतात तसं मोठ्यानं मोजायला लागले, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे आजोबा वैतागले. मग मनातल्या मनात मोजायचं ठरलं, तर ओठ हलताना दिसायचे. येताना प्रत्येक जण कुठून कुठून भरलेली घागर खांद्यावर आणायचा. नळीतून पैलवानाला पाणी भरपूर जायला हवं, हे मी सांगितलं होतं, तर ह्यांनी सगळ्या वॉर्डाची तहान भागवली. एकानं गुपचूप वाटलेले बदाम नळीतून घालायचा बेत केला, नळी तुंबली आणि त्यानं माझ्या माहेरच्या भाषेतलं बरंच काही ऐकलं. वस्ताद व्हरांड्यातून मिशीत हसत होते. मला वाटलं, जमलं बाबा आपलं.

पैलवान अजून बेशुद्धच होता, पण चिमटा काढला की तोंड वाकडं करायचा, कधी डोळा उघडायचा. आई त्याच्या उशाशी बसून असायची.

आणि मग एका सकाळी पट्टी सोडली तर डावी पोटरी मला वेगळी वाटली. दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून बघितलं. उजवी मऊ, गार. डावी ताठ आणि गरम. एवढं करून? मी साहेबांना बोलावलं. त्यांनी टेप लावून दोन्ही पाय मोजले, डावा जाड भरला. मग म्हणाले, "गुठळी असेल, नसेलही. आत डोकावून बघायची सोय नाही आपल्याकडं. पण आहे असंच धरून चालायचं. हा पाय आता अजिबात हलवायचा नाही. उशीवर उंच ठेवा. उजवा चालू ठेवा."

नांदेडचे मास्तर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

मी उशी आणायला कपाटाकडे गेले आणि परत येऊन बघते तर वस्ताद खाटेवर बसलेले. सुजलेला पाय त्यांनी बघितला होता. सूज दिसली की चोळून उतरवायची, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. झोळीतली बाटली बाहेर आली होती. तळहातावर तेल घेऊन दोन्ही हात एकमेकांवर घासून ते ऊब आणून राहिले होते. तालमीतली पोरं भोवती हात जोडल्यासारखी उभी.

मी उशी टाकली आणि धावले. "हात लावायचा न्हाई!" असा आवाज काढला, की म्हणतात बाहेर टांग्याचा घोडा बिथरला. मी दोन्ही हात त्या पोटरीवर आडवे घातले आणि अर्धी खाटेवर ओणवी झाले. "आधी माझ्या हातावर तेल चोळा, मग ह्याच्या पायावर."

वस्तादांचा चेहरा लालबुंद झाला. "तुमच्या हलवण्यानं सूज आली," ते म्हणाले. "इतके दिस ऐकलं तुमचं. पोरगं माझं हाय. सरका बाजूला."

"पोरगं तुमचं आहे, म्हणूनच सांगते. पाटात पाणी थांबलं की गाळ बसतो. तो गाळ तुम्ही काठीनं ढोसला तर कुठं जातो? पुढं जाऊन मोरी तुंबवतो. तसा ह्याच्या पायात गाळ बसलाय. चोळाल तर छातीत जाईल. माझ्या हातात गेलाय एक माणूस असा, वस्ताद. उभ्या-उभ्या गेला."

"मला पाट शिकवू नका," ते म्हणाले. बाटलीला बूच लावलं, पंच्याला हात पुसले आणि उठले. "चला रे. इथं आपली गरज न्हाई." पोरं एकमेकांकडे बघत त्यांच्या मागे गेली. रिकाम्या घागरीही घेऊन गेली.

म्हणजे माझे हातही गेले आणि पाणीही. दुपारपर्यंत वॉर्डात कुरकुर सुरू. "सिस्टरनं तोंडानं पानी घालवलं," असं एकाच्या नातेवाइकानं मला ऐकू येईल असं म्हटलं. मी म्हटलं, "हो घालवलं! पुढं?" पण आतून मी हलले होते. गावातली सगळी माणसं ज्याच्या शब्दाबाहेर नाहीत, त्याला मी चारचौघांत आडवी गेले होते. रेणापूरच्या वस्तीवरची मुलगी मी. वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मला एकच गोष्ट समजली होती, की मान खाली घालून बोलायचं नाही. ती मी पाळली. पण मान वर ठेवूनही माणसाला भीती वाटते.

सगळ्यात कठीण होती त्याची आई. मी तिच्यापुढे जाऊन बसले. ती म्हणाली, "मला कायबी कळत न्हाई, माय. वस्तादानं त्याला माणूस केला. तुम्ही त्याला जिता ठेवलाय. मी कुनाचं ऐकू?" तिचा मुलगा होता, जाणार तर तिचाच जाणार होता. मग ती उठून डाव्या पायाच्या बाजूला जाऊन बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "ह्या अंगाला मी बसते. कुनी बी येऊ दे, हात लावू देणार न्हाई. त्या पायाचं तुम्ही बघा." मग उजवा पाय मी आणि वॉर्डातल्या माझ्या नर्स मुली आलटून पालटून हलवत राहिलो. हात भरून यायचे. हौदातलं पाणी संपलं तेव्हा मी माझ्या खोलीतला रांजण वॉर्डात आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद आले. एकटे. हातात बाटली नव्हती. मी पदर सावरून उभी राहिले, म्हटलं आता काय भांडण व्हायचं ते होऊन जाऊ दे.

ते मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आवाज त्यांचाही लहान नव्हता. "काल इथनं निघालो ते उदगीरला गेलो. तिथं आमचा हाडवैद्य हाय. तुमच्या डागदरावर माझा इस्वास न्हाई, त्याच्यावर हाय. त्याला इचारलं. त्यो म्हणाला, पोटरी ताठली, तापली असली तर मी बी तिला शिवत न्हाई. एक डाव चोळली हुती, त्यो माणूस माझ्या म्होरं गेला." वस्तादांनी आपले दोन्ही तळहात बघितले. "काल बाई आडव्या पडल्या नसत्या तर माझ्याच हातानं..." मग एकदम दाराकडे वळून ओरडले, "आरं बघता काय बाहीर हुबं ऱ्हाऊन? घागरी आना आत!"

पोरं बाहेर होतीच. घागरी भरलेल्या होत्या.

मला लोक विचारतात, नोकरीत बक्षीस काय मिळालं? हे मिळालं. एवढा मानी माणूस, चूक झाली तर ती भर वॉर्डात उभा राहून सांगतो. मला त्या दिवशी जितका माझा अभिमान वाटला, तितकाच त्यांचाही वाटला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी उगाच एका पोराला घागर सांडली म्हणून झापलं. सांडली नव्हती.

गुठळीचा प्रश्न उरलाच होता. साहेबांनी ट्रंक कॉल लावून हैदराबादच्या एका बुजुर्ग डॉक्टरांशी बोलणं केलं. लाइन खरखरत होती, साहेब फोनमध्ये ओरडत होते. शेवटी ठरलं, की डोकं आता बरंच निवळलंय, तेव्हा रक्त पातळ करायचं औषध सलाईनमधून सांभाळून सुरू करायचं. आधी साहेबांनी आईला आणि वस्तादांना समोर बसवून काही न लपवता सांगितलं, की औषध नाही दिलं तर छातीचा धोका, दिलं तर डोक्याचा. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी इथंच आहे. त्याच्या डोळ्यांवरून माझी नजर हलणार नाही." ती म्हणाली, "मग द्या."

नजर हलवली नाही मी. बाहुली जराशी मोठी वाटली की परत बॅटरी मारून बघायची, तर ती तशीच असायची. हळूहळू पोटरी निवळली. हाताला मऊ लागायला लागली. आणि एका संध्याकाळी, एक पोरगा उजवा पंजा वर-खाली करत असताना, पैलवानानं स्पष्ट शब्दांत विचारलं, "कोन हाय रं ते, पाय वढतंय?" त्या पोरानं पाय सोडला आणि वस्तादांच्या गळ्यात पडला. मी ओरडले, "पाय का सोडला?" सगळे हसायला लागले. पैलवानाची आई तेवढी हसली नाही. तिनं फक्त मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि परत डाव्या पायाशी जाऊन बसली.

पण माझी खरी परीक्षा त्याला उभं करायची होती. साहेब म्हणाले, आज करू. मी वेणी घट्ट बांधली, कोपर धरलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वस्ताद. पैलवान उभा राहिला, डुलला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, चालतो मी."

तेच शब्द. मी त्याच्या छातीकडे बघत राहिले. त्याचा हात छातीकडे जातो का, एवढंच. हात गेला नाही. त्यानं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. खिडकीपर्यंत गेला, बाहेर टँकरभोवतीची गर्दी बघितली आणि म्हणाला, "पाळीनं घ्या म्हनावं."

काही झालं नाही. काहीच झालं नाही! मी स्टोअरच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पदर तोंडात कोंबून रडले. त्या मास्तरांसाठी रडले, आणि आनंदानंही.

पैलवान पुन्हा कुस्ती खेळला नाही. डोक्याला मार तो मार. नावं विसरतो, ऊन लागलं की चक्कर येते. पण त्यानं गिरणी चालवली, लग्न केलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आणि दर पंचमीला माझ्याकडे यायचा, पिशवीत ज्वारीचं पीठ आणायचा. त्यानंच एकदा सांगितलं, की वस्तादांनी तालमीत नवा नेम घातलाय. कुणी पैलवान दुखापतीनं पडून राहिला की त्याच्या पायाला पाळीनं हात, पंजा वर, पंजा खाली. चोळायचं नाही. आणि ह्या व्यायामाला तालमीत म्हणतात 'सिस्टर'. "ह्याला सकाळची सिस्टर दिली का रे?" असं वस्ताद विचारतात. मी पोट धरून हसले. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बघा, आमच्या नावाचं कुणी काही ठेवलं नाही."

मी निवृत्त झाले. वॉर्डातली मशिनं बदलली, आता पायांना आपोआप दाबणारे मोजेही आलेत म्हणे. चांगलंच आहे.

मध्ये एकदा पैलवानाचा फोन आला. "सिस्टर, वस्ताद पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून घरी आणलंय. तुमची आठवण काढून राहिलेत." मी एसटीनं गेले. पैलवान स्टँडवर घ्यायला आला होता, आता केस पिकलेले. मला घराच्या ओसरीवर पोचवून तो औषधं आणायला गेला.

वस्ताद खाटेवर झोपले होते. वय नव्वदीच्या घरात. ते ताठ अंग आता कसं एवढंसं झालं होतं. डोळे मिटलेले, कपाळावर भस्म. मी पायाशी बसले. काय वाटलं सांगता येत नाही, जुन्या माणसाच्या पायाशी बसलं की हात आपोआप जातो. माझा हात त्यांच्या पोटरीवर गेला आणि मी मायेनं जरा चेपायला लागले.

"ओ मावशी!"

मी दचकून उठलेच. घरातून त्यांची नातसून आली होती, डोक्यावर पदर, हाताला पीठ लागलेलं. मला तिनं कधी बघितलेलं नव्हतं. आवाज मात्र असा, की अंगणातल्या चिमण्या उडाल्या.

"पोटरीला हात लावायचा न्हाई! चोळायचं न्हाई, चेपायचं न्हाई. टाचेखाली हात घाला अन् नुसता पंजा हलवा. आमच्यात सिस्टरचा नेम हाय त्यो."

वस्तादांनी डोळे उघडले. मला ओळखलं त्यांनी, मिशी हलली.

"ऐका बाई तिचं," ते म्हणाले. "ती माझं बी ऐकत न्हाई."

मी मुकाट्यानं हात काढला आणि टाचेखाली घातला.